रांगेचा भाव

२०१३ सालचा मार्च महिना. जपानमधल्या ओसाका शहरातल्या युनिव्हर्सल स्टुडिओज जपान या उद्यानात एका जुन्याच रोलर कोस्टरवर नवी गाडी सुरू झाली. रूळ जुने, चढउतार जुने, वेगही जुनाच. नवं इतकंच, की या गाडीत माणसं पाठमोरी बसवलेली होती. पुढे काय येतंय ते दिसत नाही, गाडी उलटी ओढत नेते आणि पोटात गोळा येतो. एवढ्याशा बदलासाठी लोक नऊ तासांहून अधिक वेळ रांगेत उभे राहिले. आषाढीच्या दर्शनबारीची आठवण व्हावी असा हा आकडा. फरक एवढाच, की या बारीच्या टोकाला विठ्ठल नव्हता, काही मिनिटांची किंचाळी होती.

कल्पना त्सुयोशी मोरिओका यांची. प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये केसांची प्रसाधनं विकण्यात मुरलेला हा माणूस २०१० साली ओसाकाच्या उद्यानात आला, तेव्हा उद्यानाची रया गेलेली होती. २००१च्या मार्चअखेरीस ते उघडलं आणि पहिल्या वर्षी १ कोटी १० लाख लोक आले. पुढच्याच वर्षी तिथल्या उपाहारगृहांत मुदत संपलेले पदार्थ वापरल्याचं आणि पिण्याच्या एका नळाला कारखान्यासाठीचं पाणी जोडलं गेल्याचं बाहेर आलं. जपानी माणूस अशा बाबतीत सहजी माफ करत नाही. आकडा ८० लाखांच्या खाली घसरला आणि पुढे कित्येक वर्षं पहिल्या वर्षाची उंची त्याला गाठता आली नाही.

मोरिओकांच्या मनात हॅरी पॉटरचं गाव उभारायचं होतं. खर्च ४५ अब्ज येन, आणि कंपनीची वर्षाची विक्री ८० अब्जांच्या घरात. म्हणजे वर्षाच्या निम्म्याहून जास्त विक्री एकाच डावावर लावायची. तो पैसा उभा राहीपर्यंत दुकान चालू ठेवायचं तर नवं काही विकत घेणं परवडणारं नव्हतं. मग जे होतं तेच उलटं फिरवलं. हॅलोविनच्या रात्री रंगवलेल्या तोंडाचे झॉम्बी रस्त्यांवर सोडले, त्यालाही यंत्रं लागत नाहीत, माणसं लागतात. २०१४ साली हॅरी पॉटर आला आणि गर्दीचा बांध फुटला. २०१५ साली अमेरिकेच्या कॉमकास्टने या उद्यानाचा ५१ टक्के हिस्सा दीड अब्ज डॉलरना घेतला. दोन वर्षांनी उरलेल्या ४९ टक्क्यांसाठी त्याच कंपनीला २.३ अब्ज डॉलर मोजावे लागले. लहान हिस्सा मोठ्या हिश्श्यापेक्षा महाग पडला, यातच काय ते आलं.

२०२३ साली ओसाकात अंदाजे १ कोटी ६० लाख लोक आले. त्या वर्षी जगात त्याच्या पुढे दोनच उद्यानं होती आणि टोकियोचं डिस्नेलँड मागे पडलं होतं.

‘अंदाजे’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. किती लोक आले, हा प्रश्न या धंद्यात वाटतो तितका सरळ नाही. डिस्ने आपल्या एकेका उद्यानाचे आकडे जाहीर करत नाही. थीम्ड एंटरटेनमेंट असोसिएशन ही या व्यवसायातली संघटना दरवर्षी जगभरच्या उद्यानांची एक यादी काढते आणि सगळे जण तीच प्रमाण मानतात, कारण दुसरी नाहीच. शिवाय या यादीत माणसं मोजलेली नसतात, फेऱ्या मोजलेल्या असतात. तीन दिवस आलेला माणूस तीनदा मोजला जातो. वर्षाचा पास काढून दर शनिवारी संध्याकाळी आइस्क्रीम खायला येणारा शेजारच्या गल्लीतला पोरगा पन्नास वेळा.

त्या यादीनुसार २०२३ साली पहिलं होतं फ्लोरिडातलं मॅजिक किंगडम, १ कोटी ७७ लाख. त्याच्या मागोमाग कॅलिफोर्नियातलं मूळ डिस्नेलँड. मग ओसाका, टोकियो आणि १ कोटी ४० लाखांवर शांघाय. गंमत अशी, की २०१९ साली याच मॅजिक किंगडमचा आकडा २ कोटी १० लाखांच्या आसपास होता. कोविडनंतर जग पुन्हा फिरायला लागलं, पण पहिल्या क्रमांकावरची गर्दी तीस लाखांनी कमीच राहिली. आणि डिस्नेचं काय झालं? उद्यानं, हॉटेलं आणि जहाजांच्या सफरी मिळून जो विभाग आहे, त्याचा २०२५च्या आर्थिक वर्षातला नफा १० अब्ज डॉलरच्या आसपास गेला. इतका तो कधीच नव्हता. सिनेमे, टीव्ही, क्रीडावाहिन्या असा सगळा पसारा असलेल्या या कंपनीच्या नफ्याचा निम्म्याहून मोठा वाटा आता पाळण्यांवर बसलेल्या माणसांकडून येतो.

गर्दी कमी आणि गल्ला जास्त, हे गणित सगळ्यात स्वच्छ दिसतं ते टोकियोत. तिथली दोन्ही डिस्ने उद्यानं ओरिएंटल लँड या जपानी कंपनीच्या मालकीची आहेत. डिस्नेला नावाचे आणि पात्रांचे पैसे मिळतात. ओरिएंटल लँड शेअर बाजारात असल्यामुळे आकडे उघडे असतात. मार्च २०१९ला संपलेल्या वर्षात दोन्ही उद्यानांत मिळून ३ कोटी २५ लाख फेऱ्या झाल्या आणि माणशी खर्च होता ११,८१५ येन. मार्च २०२५ला संपलेल्या वर्षात फेऱ्या २ कोटी ७५ लाख, आणि माणशी खर्च १७,८३३ येन. पन्नास लाख लोक घटले आणि उत्पन्न वाढलं. हे अपघाताने झालेलं नाही. कोविडच्या काळात दारावर मर्यादा घालावी लागली, तेव्हा कंपनीच्या लक्षात आलं की कमी गर्दीतला माणूस जास्त वेळ दुकानात रेंगाळतो, बसून जेवतो, आणि खूश होऊन घरी जातो. मग दिवसाला किती माणसं आत घ्यायची, याची कमाल मर्यादा तिने पुढेही मुद्दाम खालीच ठेवली. तिकिटाचा दर तारखेनुसार बदलू लागला. मे २०२२पासून लोकप्रिय राइडची रांग टाळण्यासाठी वेगळे पैसे घेणंही सुरू झालं.

रांग टाळण्याचे पैसे. या धंद्यातल्या सत्तर वर्षांचा प्रवास या तीन शब्दांभोवती फिरून पुन्हा जुन्या जागी आला आहे.

गावच्या जत्रेत शिरायला पैसे पडत नाहीत. पाळण्यात बसलात तर पाळण्याचे, मौत का कुआं बघितलात तर त्याचे. वॉल्ट डिस्नेने १७ जुलै १९५५ रोजी अनाहाइममधल्या संत्र्यांच्या बागा तोडून डिस्नेलँड उघडलं, तेव्हा त्याचाही हिशेब जत्रेच्या जवळचाच होता. आत यायला एक डॉलर आणि प्रत्येक राइडचं वेगळं तिकीट. पुढे कुपनांची पुस्तकं आली, त्यांत ए, बी, सी अशा श्रेणी. सगळ्यात भारी राइडना ‘ई’ तिकीट लागे. १९८२ साली ही पुस्तकं बंद झाली. एकदा दार ओलांडलं की सगळं खुलं, गरीब-श्रीमंत एकाच रांगेत. १९९९ साली रांग टाळण्याची सोय आली तीही फुकट होती. जो लवकर उठेल, यंत्रातून चिठ्ठी काढेल त्याला ती मिळे. २०२१ साली ही फुकट सोय गेली आणि तिच्या जागी पैसे भरून मिळणारी आली. आता फ्लोरिडात ऐन गर्दीच्या दिवशी मॅजिक किंगडमचं एक दिवसाचं तिकीट दोनशे डॉलरच्या काठावर आहे, आणि सगळ्या रांगा एकदम टाळायच्या असतील तर त्यासाठी त्याच्या दुप्पट रक्कम वेगळी. जत्रेतलं पाळण्याचं तिकीट परत आलं, फक्त प्रवेश फुकट करायचा राहून गेला.

स्पर्धा कशी चालते ते बघायचं तर फ्लोरिडातल्या ऑरलँडोला पर्याय नाही. १९७१ साली डिस्नेने इथे दुसरं विश्व उभं केलं. जमिनीचा भाव चढू नये म्हणून भलत्याच नावांच्या कंपन्या काढून दलदलीची २७ हजार एकरांहून अधिक जागा गुपचूप विकत घेतलेली होती. युनिव्हर्सल आली ती १९९०च्या जूनमध्ये, आणि पहिल्याच दिवशी तिची फजिती झाली. जॉजचा शार्क, किंगकाँग, भूकंप या तिन्ही मोठ्या राइड बंद पडल्या आणि वैतागलेल्या लोकांना पुन्हा येण्याचे पास वाटावे लागले. त्यानंतरची वीस वर्षं युनिव्हर्सल म्हणजे डिस्नेला आलेल्या कुटुंबाने वेळ उरला तर डोकावून जायची जागा.

इथे लढाई होती आठवड्याची. अमेरिकेतलं किंवा इंग्लंडमधलं कुटुंब सहा-सात दिवसांसाठी ऑरलँडोत उतरतं. त्यातले किती दिवस कुणाचे? डिस्नेने २००५ साली विमानतळावरून आपल्या हॉटेलांपर्यंत फुकट बस सुरू केली. वरवर पाहिलं तर पाहुणचार. प्रत्यक्षात त्यामुळे माणूस भाड्याची मोटार घेत नसे, आणि मोटार नसली की युनिव्हर्सलला जायचं मनातही येत नसे. इतका साधा आणि इतका धूर्त डाव धंद्यात क्वचित दिसतो.

हा कोट फोडला तो १८ जून २०१० रोजी. युनिव्हर्सलच्या आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर या उद्यानात हॅरी पॉटरचं हॉग्समीड गाव उघडलं. तोवर थीम पार्कात एखाद्या सिनेमाची राइड असे आणि बाहेर पडताना तिचं दुकान असे. इथे गावच्या गाव पुस्तकातून उचलून आणलेलं होतं. छपरांवर बर्फ, दुकानात छड्या आणि प्यायला बटरबीर. कोका-कोला मागितला तर मिळत नाही, कारण जादूगारांच्या गावात तो नसतो. २००९ साली या उद्यानात ४६ लाख लोक आले होते. २०११ साली आले ७६ लाखांहून अधिक. २०१४ साली युनिव्हर्सलने शेजारच्या दुसऱ्या उद्यानात डायगन ॲली बांधली आणि दोन्हींना जोडणारी हॉगवर्ट्स एक्स्प्रेस सोडली. त्या गाडीत बसायचं तर दोन्ही उद्यानांचं तिकीट हवं. फुकट बसला हे आगगाडीने दिलेलं उत्तर.

डिस्ने हलली. २०१७ साली ‘अवतार’चं पँडोरा आलं, २०१९ साली ‘स्टार वॉर्स’चा आख्खा तळ. मार्व्हल तर तिने २००९ सालीच चार अब्ज डॉलरना विकत घेतली होती. पण इथे एक जुना कागद आडवा आला. मार्व्हलने १९९४ साली उद्यानांपुरते हक्क युनिव्हर्सलला देऊन ठेवले होते आणि ते अजून चालू आहेत. त्यामुळे आजही ऑरलँडोत हल्कची रोलर कोस्टर डिस्नेच्या प्रतिस्पर्ध्याच्या आवारात गर्जते आणि डिस्नेला तिथल्या आपल्या उद्यानात ‘मार्व्हल’ हे नावसुद्धा लावता येत नाही. वडिलोपार्जित वाड्याचा जुना भाडेकरू नव्या मालकाला दाद देत नाही, त्यातला हा प्रकार.

डिस्नेचे सगळेच डाव लागले असंही नाही. मार्च २०२२मध्ये तिने ‘स्टार वॉर्स’ची एक हॉटेल-सफर काढली. दोन रात्री, खिडकीबाहेर अंतराळ, जेवायला परग्रहावरचे पदार्थ, आणि दोघांचे साधारण पावणेपाच हजार डॉलर. दीड वर्षात ती गुंडाळावी लागली. माणशी खर्च वाढवण्यालाही कुठेतरी छत असतं, हे त्या बंद इमारतीने दाखवून दिलं.

२२ मे २०२५ रोजी युनिव्हर्सलने ऑरलँडोत एपिक युनिव्हर्स उघडलं. १९९९नंतर या शहरात उभं राहिलेलं हे पहिलं मोठं थीम पार्क, खर्च सुमारे सात अब्ज डॉलर. आता युनिव्हर्सलकडे कुटुंबाचे तीन-चार दिवस खाणारा ऐवज आहे. त्या उन्हाळ्यातल्या तिमाहीत कॉमकास्टचं उद्यानांचं उत्पन्न जवळजवळ १९ टक्क्यांनी वाढलं. डिस्नेने २०२३ सालीच दहा वर्षांत ६० अब्ज डॉलर ओतण्याचं जाहीर करून ठेवलेलं आहे. दोन हत्तींच्या झुंजीत गवत तुडवलं जातं म्हणतात. या धंद्यात ते गवत म्हणजे लहान उद्यानं.

आणि लहान म्हणजे किती लहान? सिक्स फ्लॅग्जचंच बघा. अमेरिकेतल्या शहरांजवळची, दोन-तीन तास मोटार चालवून जाण्याजोगी उद्यानं या कंपनीची. २००९ साली तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्यातून ती सावरली. २०२२ साली नव्या मुख्याधिकाऱ्यांनी ठरवलं की स्वस्त पासांमुळे उद्यानं म्हणजे टवाळ पोरांचं पाळणाघर झालंय, दर वाढवू, बरी गिऱ्हाइकं येतील. टोकियोने केलं तेच वाटतं ना? निकाल मात्र उलटा लागला. वर्षभरात फेऱ्या २ कोटी ७७ लाखांवरून २ कोटी ५ लाखांवर आल्या. टोकियोने दर वाढवताना देण्यासारखं काही तयार केलं होतं. २०२४ साली तिथे ३२० अब्ज येन खर्चून नवा विभाग उघडला. इथे त्याच रंग उडालेल्या पाळण्यांची किंमत वाढली. जुलै २०२४मध्ये सिक्स फ्लॅग्ज आणि सीडर फेअर या जुन्या प्रतिस्पर्ध्यांचं विलीनीकरण होऊन ४२ उद्यानांची एक कंपनी झाली. पुढच्या वर्षी पावसाने आणि उन्हाने हंगाम खाल्ला, आणि नोव्हेंबर २०२५मध्ये मेरीलँडचं उद्यान कायमचं बंद झालं.

युरोपात वातावरण निराळं आहे. जर्मनीतल्या रुस्ट या खेड्यातलं युरोपा पार्क माक घराण्याने १९७५ साली उभं केलं ते आपल्या कारखान्यातले पाळणे गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी. आज तिथे वर्षाला साठ लाख लोक येतात, आणि घराणं अजूनही पाळणे बनवतं.

चीनमध्ये २०१६ साली शांघायचं डिस्नेलँड उघडण्याच्या तोंडावर वांडा उद्योगसमूहाचे वांग जियानलिन टीव्हीवर म्हणाले होते, की एकटा वाघ लांडग्यांच्या कळपापुढे टिकत नाही. कळप म्हणजे त्यांची स्वतःची डझनभर उद्यानं. डिस्नेने चीनमध्ये यायलाच नको होतं, असंही ते म्हणाले. पुढच्या वर्षीच्या जुलैत कर्जाच्या ओझ्याखाली त्यांनी ती उद्यानं विकायला काढली. वाघ अजून तिथेच आहे. पण त्यालाही एकदा माघार घ्यावी लागली, आणि ती डब्यावरून. शांघायच्या डिस्नेलँडमध्ये बाहेरचं खाणं नेऊ देत नसत. २०१९ साली कायद्याच्या एका विद्यार्थिनीने त्याविरुद्ध कोर्टात दावा लावला, वर्तमानपत्रं तिच्या बाजूने उभी राहिली आणि त्या सप्टेंबरात नियम बदलला. खिचडीचा डबा दारावर टाकून द्यावा लागलेल्या आपल्याकडच्या आयांना ही बातमी कुणीतरी वाचून दाखवली पाहिजे.

आपल्याकडचं म्हणायचं तर महाराष्ट्राने या धंद्याची दोन्ही टोकं पाहिली आहेत. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड उघडलं. मार्व्याच्या धक्क्यावरून बोटीने तिथे जाणं ही मुंबईतल्या दोन पिढ्यांच्या शाळेच्या सहलीची ठरलेली वाट होती. कोविडनंतर तिथले पाळणे बंद पडले. २०१३ साली द्रुतगती मार्गालगत खोपोलीला मनमोहन शेट्टींनी इमॅजिका उभारलं. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्डने बनवलेली नायट्रो रोलर कोस्टर, जागतिक दर्जाचा थाट, आणि त्या थाटाला साजेसं कर्ज. अपेक्षेइतकी माणसं आली नाहीत. चार महिने कोकणच्या वेशीवरचा पाऊस, वरून २०१७ साली तिकिटावर २८ टक्के जीएसटी, जो पुढच्या वर्षी १८वर आला. शेवटी २०२२ साली हे उद्यान संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. गाय छाप जर्देवाले मालपाणी. लोणावळ्याला आणि शिर्डीला त्यांची पाण्याची उद्यानं आधीपासून होती, आणि साईभक्ताने दर्शनानंतर दुपार कुठे काढायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ऑरलँडोचा धडा त्यांनी ऑरलँडोला न जाताही गिरवलेला होता.

दक्षिणेतल्या वंडरलाची चाल आणखी सावध. कोची, बंगळूर, हैदराबाद, मग भुवनेश्वर आणि २०२५अखेरीस चेन्नई. बऱ्याचशा राइड घरच्याच कार्यशाळेत बनवायच्या, कर्ज डोईजड होऊ द्यायचं नाही. पण तिच्या पहिल्या तीन उद्यानांत मिळून वर्षाला जेमतेम ३३ लाख लोक येत. मॅजिक किंगडममध्ये तेवढे सव्वादोन महिन्यांत येतात.

या आकड्यांकडे आता आखातातले लोक बारकाईने बघत आहेत. ७ मे २०२५ रोजी डिस्नेने अबू धाबीच्या यास बेटावर आपलं सातवं उद्यान-संकुल होणार असल्याचं जाहीर केलं. पैसा मिराल या तिथल्या कंपनीचा, बांधणार आणि चालवणारही तीच. डिस्ने नाव, नकाशे आणि आपले कारागीर देणार. सौदी अरेबियात रियाधजवळच्या किद्दियामध्ये जगातली सगळ्यात उंच, लांब आणि वेगवान रोलर कोस्टर उभी राहिली आहे. अबू धाबीची घोषणा करताना डिस्नेचा मुख्य मुद्दा एकच होता: जगातली एक तृतीयांश लोकसंख्या तिथून विमानाच्या चार तासांच्या आत राहते. त्या वर्तुळात सगळ्यात मोठा तुकडा भारताचा आहे. मुंबईहून अबू धाबीचं विमान साधारण सव्वातीन तासांत पोहोचतं. मे महिन्यातल्या शनिवारी दादरहून मोटारीने खोपोलीला निघालेल्या कुटुंबाला घाटाखालच्या कोंडीत कधी कधी तेवढाच वेळ लागतो.